आसुआच्या अलीकडे वारा थांबतो

१

शुद्धीवर आल्यावर दोन्या एर्सिलियांनी पहिला प्रश्न विचारला तो कपड्यांबद्दल.

"चुरगळले का गं?"

आसुआ गाव यायला दहा मिनिटं होती. भर दुपारी, पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर, कडक इस्त्रीच्या फिक्या निळ्या लिननमध्ये त्यांना भोवळ आली. ड्रायव्हर फ्रेमिओने गाडी कडेला घेऊन चारही दारं उघडली आणि नारळवाल्याकडचं पाणी त्यांच्या मानेवर ओतलं. सोबतीच्या तोमासिनाने आपल्या टोपीने वारा घातला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई जाता जाता राहिली. गाडीचा एसी बंद पडला होता. ईस्टरपासून सातव्यांदा, आणि दर वेळी शुक्रवारी किंवा शनिवारी.

सोमवारी ती गाडी माझ्या दारात आली. आमच्या बाराओना गावात गाड्यांचे एसी दुरुस्त करणारी बाई मी एकटीच. गावाने आधी हसून घेतलं, मग उकडायला लागल्यावर रांग लावली.

गाडी स्वतः चालवत आले होते दोन्यांचे, म्हणजे बाईसाहेबांचे, चिरंजीव, वकील पेर्सिओ.

"नेरेइदा, गाडी तपास. मला तुझ्याकडून एवढंच लेखी हवंय की हिच्यात बिघाड नाही."

"ते तुम्हीच ठरवलंय, तर मी काय फक्त सही करू?"

ते हसले नाहीत. "मी स्वतः दोनदा चालवून बघितली. फ्रिजसारखी गार. बंद पडते ती फक्त फ्रेमिओच्या हातात. एसी बंद ठेवला की पेट्रोल वाचतं, आणि वाचलेलं कुठे जातं ते मला कुणी सांगायला नको. माझी आई मेली असती."

"एकोणीस वर्षं चालवतोय तो."

"म्हणून तर जास्त लागलं. नवा ड्रायव्हर पुढच्या सोमवारपासून येतोय."

मी हात पुसले. "वकीलसाहेब, फ्रेमिओ माझ्या मुलीचा धर्मपिता आहे. बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातात धरलं होतं. माझ्या शब्दाला तुम्ही काय किंमत देणार?"

"माणसांबद्दल तू खोटं बोलशील," ते गाडीची किल्ली टेबलावर ठेवत म्हणाले. "एसीबद्दल नाही बोलणार."

एवढी खरी गोष्ट माझ्याबद्दल माझा नवराही कधी बोलला नव्हता.

२

दोन दिवस मी त्या गाडीला छळलं. गॅस काढून वजन केलं, तर कमी नव्हताच, उलट चांगला वाटीभर जास्त होता. म्हणजे मधल्या काळात तिबुर्सिओचा हात लागला होता. चौकातला तिबुर्सिओ मेकॅनिक कुठल्याही आजाराला गॅस भरतो. उद्या त्याची सासू आजारी पडली तर तिच्यातही भरेल.

"भरला, मग?" मी चौकात जाऊन विचारल्यावर तो म्हणाला. "वकील म्हणाला थंड होत नाही, मी भरला. लोकांना भरलेलं आवडतं."

"किती भरलास?"

"भरला तेवढा भरला. तू काय पोलीस आहेस का गं?"

तिबुर्सिओला फासावर लटकवायला मला आवडलं असतं. पण त्याचा हात लागायच्या आधीही एसी तीनदा बंद पडला होता. त्याला सोडून दिलं. गॅस मापात भरला, सांधे तपासले, कुठे तेलाचा ओघळ नाही. पुढचा पंखा फिरतो, कंप्रेसर वेळेवर लागतो आणि सुटतो, फिल्टर स्वच्छ. डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खोचला. सहा अंश.

फ्रेमिओ दारात उभा होता, आत यायला तयार नाही. पन्नाशीचा उंच माणूस, पण त्या आठवड्यात वीतभर तरी कमी झाला होता.

"ये की आत. चोर दारात उभा राहत नाही, खिडकीतून येतो."

"थट्टा नको, कोमाद्रे." मुलीच्या बाप्तिस्म्यापासून तो मला असंच म्हणतो. "घरी बायकोला अजून सांगितलं नाही."

"बंद पडतो म्हणजे काय होतं, ते सांग. वकिलाने काय सांगितलं ते नको. तू काय बघितलंस?"

तो आत आला, स्टुलावर बसला. "निघताना छान गार असतं. तास-सव्वा तास. मग वारा कमी कमी होत जातो. मी पंखा वाढवतो. पंखा ओरडतो, कोमाद्रे, नुसता ओरडतो, पण जाळीतून फुंकर येत नाही. मग आसुआला थांबतो. अर्धा-पाऊण तास गाडी बंद. परत चालू केली की जसं काही झालंच नाही."

"येताना?"

"कधी होतं, कधी नाही. जाताना मात्र ठरलेलं."

"खिडकीची हवा की आतली?"

"आतलीच फिरवतो. साखर कारखान्याचा वास दोन्यांना सोसत नाही."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. गॅस संपला तर वारा गरम येतो, पण येतो. इथे वाराच नाहीसा होत होता. म्हणजे थंडी कमी पडत नव्हती, जास्त होत होती. आतल्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरला की कॉइल भिंतीसारखी बंद होते, वारा पलीकडेच अडतो. गाडी थांबवली की बर्फ वितळतो. आणि वितळलेला बर्फ साक्ष द्यायला येत नाही.

"फ्रेमिओ, तू थांबतोस तेव्हा गाडीखाली पाणी सांडतं?"

"तळं होतं! मला वाटायचं एसीचं नेहमीचंच."

मी आंब्याखाली गाडी उभी केली आणि एसी लावून तीन तास बसून राहिले. आतलीच हवा फिरवली. बर्फ धरला नाही. तिन्ही तास वारा एकसारखा, सहा अंशांवर.

बर्फ शुक्रवारीच का धरत होता? गाडीला वार कळत नाही.

३

"शुक्रवारी मी येते सोबत," मी वकिलांना सांगितलं.

"जा. आसुआहून फोन कर. जे असेल ते सांग."

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा दोन्या एर्सिलिया तयार होऊन व्हरांड्यात बसल्या होत्या. ईस्टरच्या आधी त्या दर शुक्रवारी राजधानीला बहिणीकडे जायच्या ते बहिणीशी भांडायला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरकडेही जायला लागल्या. आज पिवळा लिनन होता आणि त्याच्या कडांनी भाजी चिरता आली असती.

"तू हेरगिरीला आलीस म्हणे," त्या म्हणाल्या. "छान. या वयात माझ्यावर कुणी पाळत ठेवेल असं वाटलं नव्हतं."

आतून तोमासिना आली. तीस वर्षं त्या घरात आहे. बुटकी, गोल, कपाळावर घाम, हातात दोन्यांची बॅग आणि काखेत ठिगळांची जुनी गोधडी.

"मी पुढे बसते," मी म्हटलं. "मला जाळीत थर्मामीटर लावायचाय."

तोमासिना क्षणभर थांबली, मग मागे चढली. दोन्यांचा ऑपरेशनचा पाय सीटवर लांब केलेला असतो, तो तिने आपल्या मांडीवर घेतला आणि गोधडी स्वतःभोवती घट्ट लपेटली, नाकापर्यंत.

"काय गं, न्यूयॉर्कला निघालीस का?" फ्रेमिओने आरशातून विचारलं.

"तू रस्ता बघ."

निघालो. केळीच्या बागा मागे पडल्या, समुद्र उजवीकडून निघून गेला, निवडुंगाचे डोंगर सुरू झाले. माझे डोळे थर्मामीटरवर. सात अंश. सहा. सहा. फ्रेमिओ दर पाच मिनिटांनी हात जाळीसमोर धरत होता. सव्वा तास झाला. नारळवाला आला, गेला. आसुआ आलं.

सहा अंश. वारा असा की माझे केस उडत होते.

फ्रेमिओने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत राहिला.

"संपलं, कोमाद्रे. तू बसलीस आणि चालला. आता ते म्हणणार, कुणी बघत असलं की चालतो."

माझा फोन वाजला. वकीलसाहेब.

"चालतोय?"

एसीबद्दल मी खोटं बोलत नाही. "चालतोय."

"बस. मला हवं ते कळलं." आणि फोन ठेवला.

मागून दोन्या एर्सिलिया म्हणाल्या, "काय छान गार आहे आज!"

फ्रेमिओने गिअर टाकला.

४

बहिणीच्या घरी दोन्यांचं भांडण रात्रीच्या जेवणापर्यंत रंगलं. पहाटे मी मागच्या अंगणात कॉफी घेऊन बसले होते. तोमासिना इस्त्री करत होती. परतीच्या प्रवासाचा कपडा, पांढरा लिनन.

"नशीब, वीज आहे," बहीण स्वयंपाकघरातून ओरडली. "गेल्या शनिवारी नव्हती, तर एर्सिलिया चुरगळलेली गेली आणि दोष मला दिला."

मी फ्रेमिओला हाक मारली. "गेल्या शनिवारी येताना एसी बंद पडला होता का रे?"

"गेल्या शनिवारी? नाही. त्याच्या आदल्या शनिवारी पडला होता."

"तेव्हा वीज होती," बहीण म्हणाली. "दिवसभर होती, नवल वाटलं म्हणून लक्षात आहे."

कॉफी गार होत गेली. वीज असली की एसी बंद पडतो. वीज असली की तोमासिना इस्त्री करते. वकिलांच्या घरी जनरेटर आहे, तिथे ती दर शुक्रवारी करते. इस्त्री आणि एसी यांचा काय संबंध?

दोरीवर तोमासिनाची गोधडी वाळत होती. मी जवळ जाऊन बघितली. एका कोपऱ्यावर धुळीच्या करड्या रेघा उमटल्या होत्या, बोटभर अंतराने, एकीखाली एक. घासून घासून फिकट झालेल्या, पण गेलेल्या नव्हत्या. मी रोज बघते त्या रेघा. गाडीच्या आतली हवा ज्या जाळीतून ओढली जाते, तिच्या. ती जाळी पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांसमोर असते, डॅशबोर्डच्या कप्प्याखाली.

"तोमासिना, ईस्टरच्या आधी तू गाडीत कुठे बसायचीस?"

"मागे. दोन्यांशेजारी. मग त्यांचा पाय लांब ठेवायला लागला, मी पुढे आले."

"आणि गोधडी?"

तिने इस्त्री उभी ठेवली. चेहरा पडला. "कुणाला सांगू नकोस हं. फ्रेमिओ हसेल."

"नाही सांगत."

"मी तासभर इस्त्री करते. अंग तापलेलं असतं, हाडांपर्यंत. आणि लगेच त्या बर्फाच्या पेटीत जाऊन बसायचं? पास्मो होईल ना! माझी मावशी इस्त्री करून उठली, फ्रिज उघडला, आणि तिथेच तिचं तोंड वाकडं झालं. मरेपर्यंत तसंच. पुढे तर खालून, पायांपाशी वारा सुटलेला असतो. दिसत नाही पण घोट्यांना कळतो. म्हणून मी गोधडीचा बोळा करते आणि तिथे, कप्प्याच्या खाली घट्ट कोंबते. वर स्कर्ट सोडते. कुणाला त्रास नाही, दोन्यांच्या वाट्याची थंडी दोन्यांना."

घोट्यांना कळणारा तो वारा बाहेर येत नव्हता, आत जात होता. ते तिला कसं कळावं? आमच्याकडे तापल्या अंगाला गार वारा लागू न देणं शाळेत जायच्या आधी शिकवतात. मी स्वतः वेल्डिंग केल्यावर लगेच हात धूत नाही.

"मी काही वाईट केलं का, नेरेइदा?"

"आज तू पुढे बस," मी म्हटलं. "दर शुक्रवारी बसतेस तशीच. गोधडीसकट."

"आणि तू?"

"मी दोन्यांचा पाय धरते."

५

निघाल्यावर दीड तासाने, आसुआ दिसायच्या आधी, वारा मंदावला.

फ्रेमिओने पंखा वाढवला. पंखा ओरडला. मी मागून हात पुढे काढून जाळीसमोर धरला. दात दुखणाऱ्या माणसाच्या श्वासाएवढाही वारा नव्हता.

"झालं सुरू!" फ्रेमिओच्या आवाजात चक्क आनंद होता. "कोमाद्रे, बंद पडला! दोन्या, बंद पडला!"

"मेल्या, मला उकडतंय आणि तू नाचतोयस!"

गाडी थांबवली, दोन्यांना झाडाखाली बसवलं. मी पुढच्या सीटपाशी गुडघ्यांवर बसले, गोधडी उपसून काढली आणि फिल्टरची खोबण उघडून आरशाने आत बघितलं. टॉर्चच्या उजेडात कॉइल पांढरी चमकत होती. बर्फ. उन्हाने डांबर वितळत होतं आणि माझ्या हातापासून वीतभर अंतरावर हिवाळा बसला होता. मी फ्रेमिओला बोलावलं, तोमासिनाला बोलावलं, फोनवर फोटो काढला. वितळायच्या आत.

"हवा ओढायची जाळी बंद झाली की कॉइलवरून वारा कमी जातो," मी सांगितलं. "वारा कमी, म्हणून थंडी तिथेच साठते, कॉइलवरचा घाम गोठतो. मग उरलेला वाराही अडतो."

तोमासिनाचा हात तोंडावर गेला. "म्हणजे दोन्या... त्या दिवशी... मी?"

"थांब," मी म्हटलं.

कारण मला एक गोष्ट खटकत होती, आणि ती गोष्ट माझ्याकडेच बोट दाखवत होती. कॉइल फार गार झाली की कंप्रेसर आपोआप सुटायला, म्हणजे थांबायला हवा. त्यासाठी कॉइलमध्ये काडीएवढा सेन्सर खोचलेला असतो. जाळीत दहा गोधड्या कोंबल्या तरी बर्फ धरायला नको. गाडी कमी गार करेल, बस. इथे कंप्रेसर सुटलाच नाही. म्हणजे सेन्सरला थंडी कळत नव्हती. म्हणजे तो जिथे असायला हवा तिथे नव्हता.

मी आरसा फिरवला. दिसला. कॉइलच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे सगळ्यात शेवटी गारठा पोहोचतो. कारखान्याने तो तिथे लावलेला नसतो, खाली आत खोचलेला असतो.

जानेवारीत गाडीला कुबट वास येत होता म्हणून मीच कॉइल काढून धुतली होती. परत बसवताना वीज गेली. टॉर्च दातांत धरून सेन्सर खोचला, बसला असं वाटलं, वर झाकण लावलं. जोवर वारा पुरेसा होता तोवर काही बिघडलं नाही. ईस्टरनंतर पुढे गोधडी आली.

आम्ही दोघींनी मिळून एका म्हाताऱ्या बाईला जवळजवळ मारलं होतं, आणि पकडला गेला होता तिसराच.

"काय झालं, कोमाद्रे?" फ्रेमिओने विचारलं. "पांढरी पडलीस."

"चोर सापडला," मी म्हटलं. "उठ, घरी चल. बोलायचंय ते एकदाच बोलते."

६

वकीलसाहेब व्हरांड्यात उभे होते. फ्रेमिओने दोन्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि गाडीकडे परत जाऊन काचा पुसायला लागला.

मी फोटो दाखवला. मग सांगितलं. सेन्सर, जानेवारी, वीज, दातांतला टॉर्च. तिबुर्सिओसमोर मान खाली घालावी लागली नाही याचं त्यातल्या त्यात बरं वाटलं.

"म्हणजे चूक तुझी," वकीलसाहेब म्हणाले.

"माझी. लेखी हवंय का?"

"आणि शुक्रवारीच का?"

मी फोन खिशात ठेवला. वाटेत मी ठरवलं होतं की एवढ्यावरच थांबायचं. सेन्सर नीट बसवला की गोधडीने काही होणार नव्हतं, मग तीस वर्षं घरात राबलेल्या बाईला कशाला उभं करायचं? पण वकिलाला अर्ध्या साक्षीचा वास येतो.

"माझी गोधडी, साहेब." तोमासिना पायरीवर उभी होती, गोधडी छातीशी धरून. "मी जाळीत कोंबायची. मला पास्मोची भीती वाटते. नेरेइदा मला झाकतेय. फ्रेमिओने एसी बंद करायला कधी बटणाला हात लावला नाही. त्याला काढणार असाल तर मला आधी काढा."

वकीलसाहेबांनी आईकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" दोन्या एर्सिलिया म्हणाल्या. "पास्मो तुझ्या आजीच्या भावाला झाला होता. तोमासिना, पुढच्या आठवड्यापासून इस्त्री गुरुवारी करायची."

"गुरुवारचा लिनन शुक्रवारपर्यंत टिकतो का, दोन्या? त्यात गाडीत तीन तास."

"नाही टिकला तर चुरगळलेली जाईन. डॉक्टर माझा गुडघा बघतो." मग खालच्या आवाजात, "बहीण बोलेल. बोलू दे."

जे दोन्यांना ओळखतात त्यांनाच कळेल, ही केवढी देणगी होती.

वकीलसाहेबांनी खिशातून फोन काढला, व्हरांड्याच्या टोकाला गेले, कुणालातरी सोमवारी यायची गरज नाही म्हणून सांगितलं. मग पायऱ्या उतरून गाडीपाशी गेले. फ्रेमिओ तीच काच तिसऱ्यांदा पुसत होता.

"फ्रेमिओ. आत ये, कॉफी घे."

"नको, साहेब."

"अरे, ये. झालं गेलं."

"कॉफी नको. ते वाक्य म्हणा."

"कोणतं वाक्य?"

"तुम्ही वकील आहात," फ्रेमिओ काचेकडेच बघत म्हणाला. "सुचेल तुम्हाला."

समोरच्या घरातला माणूस दार उघडून बाहेर आला होता, शेजारच्या दोघी कुंपणाशी उभ्या होत्या. वकीलसाहेबांनी ते बघितलं. गळ्याचं बटण उघडलं. कोर्टात ते कधी अडखळलेले मी ऐकलेलं नाही.

"मी तुला चोर म्हणालो," ते म्हणाले. "तू चोर नाहीस. मी... विचारायला हवं होतं तुला, आणि मी विचारलं नाही. मी चुकलो."

फ्रेमिओने फडक्याची घडी केली, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून, आणि बोनेटवर ठेवली.

"साखर दोन चमचे," तो म्हणाला, आणि वकीलसाहेबांच्या पुढे होऊन पायऱ्या चढून आत गेला.